‘थर्टीन’ ऐकल्यानंतर मुक्तास पत्र

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बॅण्डच्या ‘थर्टीन’ या अल्बमविषयी तू पाठवलेला अभिप्राय मी दोनतीनदा वाचला. ‘म्हातारी माणसे दमली आहेत म्हणून हळू वाजवतात, आणि ड्रमवर त्यांचा मूळचा बिल वॉर्ड नाही, तर मग याला पुनर्मीलन तरी कशाला म्हणायचे,’ असे तू लिहिले आहेस. तुझा दुसरा आक्षेप मला बहुतांशी मान्य आहे. पहिला मात्र मुळातच चुकला आहे, आणि तो का चुकला हे फोनवर सांगू लागलो तर तू मध्येच बोलशील, म्हणून लिहायला बसलो.

ही माणसे तरुण होती तेव्हाही हळूच वाजवत होती. त्यांचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 रोजी, शुक्रवारी, प्रसिद्ध झाला. तेव्हा चौघेही वीस-एकवीस वर्षांचे होते आणि तो अल्बम लंडनमधल्या एका स्टुडिओत जवळजवळ एका दिवसात ध्वनिमुद्रित झाला होता. त्याची सुरुवात आठव. पाऊस, ढगांचा गडगडाट, लांबून येणारी चर्चची घंटा, आणि मग गिटारवर केवळ तीन स्वर: खालचा सा, वरचा सा आणि त्यानंतर तीव्र मध्यम. पाश्चात्त्य संगीतात या अंतराला ट्रायटोन म्हणतात आणि जुन्या पंडितांनी त्याला चक्क सैतानाचे नाव दिले होते. (तोच तीव्र मध्यम यमनात किती सोज्ज्वळपणे नांदतो, हा आणखी एका पत्राचा विषय आहे.) ते तीन स्वर ज्या विलंबित लयीत येतात ती दमलेल्या माणसांची लय नव्हे. अंगात बळ असताना मुद्दाम धरून ठेवलेली लय आहे ती, आणि धरून ठेवणे पळण्यापेक्षा अवघड असते हे ड्रमवर बसणाऱ्या तुला मी सांगायला नको.

आता त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी याच्या बोटांविषयी. ती हकिगत तू वाचलेली असणार, पण माझी एकतीस वर्षे कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रांवर, गेल्यामुळे मला ती तुझ्यासारखी वाचता येत नाही. सतरा वर्षांचा आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगचे काम करत होता. नोकरीचा शेवटचा दिवस होता, कारण एका बॅण्डबरोबर तो दौऱ्यावर निघणार होता. प्रेसवरचे माणूस त्या दिवशी आले नाही, म्हणून याला प्रेसवर बसवले. दुपारी तो जेवायला घरी आला तेव्हा त्याला परत जायचे नव्हते. आईने सांगितले की शेवटचा दिवस आहे, तेवढा पुरा करून ये. तो गेला, प्रेस हातावर आली आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची व अनामिकेची टोके गेली. माणूस डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच.

कधी प्रेसवर न बसलेल्या पोराला ‘आज तेवढे तू सांभाळ’ म्हणून बसवण्याइतकी धोक्याची गोष्ट कारखान्यात दुसरी नाही. आमच्या प्रेसला दोन बटणे असत आणि दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबल्याशिवाय पंच, म्हणजे यंत्राचा वरचा ठोकळा, खाली येत नसे, म्हणजे पंच खाली येताना दोन्ही हात खालच्या साच्याच्या, डायच्या, बाहेर असणारच. तरीही नग भराभर निघावेत म्हणून एक बटण पाचर मारून कायमचे दाबून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यापैकी एकाचा हात फडक्यात गुंडाळून नेला तेव्हा गाडीत त्याच्या शेजारी मी बसलो होतो. हाती घेतलेले पुरे करून मगच जा, हे मीही तुला सांगितले होते, तू कॉलेज अर्धे टाकायचे म्हणत होतीस तेव्हा. बरोबरच सांगितले असे मला आजही वाटते. त्या आईलाही वाटलेच असणार.

यापुढचा भाग ‘थर्टीन’शी थेट संबंधित आहे. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली आणि त्यांवर चामड्याचे तुकडे चिकटवले. टोपणातून तार जाणवत नाही, म्हणून दाब अंदाजाने द्यावा लागतो आणि जास्तच दिला जातो. ताठ तार अशा बोटांना झेपत नाही, म्हणून त्याने बारीक तारा लावल्या, आणि 1971 च्या ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’पासून गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवून तारा आणखी सैल केल्या. अवघड बोटरचना टाळून दोन-तीन तारांवरचे जाड, उघडे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) त्याने हाताशी धरले. आता सैल तारेचा खालचा स्वर तुला माहीत आहे: तो उमटतो, फुगतो आणि विरायला वेळ घेतो. त्याच्यावर घाईने दुसरा स्वर टाकला तर दोन्हींचा चिखल होतो. तेव्हा या संथपणाचे मूळ वयात शोधू नकोस. तो एका दुखावलेल्या हाताने आपल्यापुरता शोधलेला मार्ग आहे आणि त्यावरून पुढे एक अख्खा संगीतप्रकार चालत गेला.

‘थर्टीन’ घडला तो काळही पाहा. गायक ऑझी ऑस्बॉर्नला 1979 मध्ये बॅण्डने काढून टाकले होते. त्याच्या आवाजातला त्यांचा आधीचा अल्बम 1978 चा, म्हणजे मध्ये पस्तीस वर्षे गेली. 11 नोव्हेंबर 2011 रोजी लॉस एंजेलिसमध्ये चौघांनी एकत्र येत असल्याचे जाहीर केले आणि दोनच महिन्यांत आयोमीला लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, झाल्याची बातमी आली. उपचार सोडता येत नव्हते म्हणून सुरुवातीचे काम इंग्लंडमध्ये त्याच्याच घरच्या स्टुडिओत झाले, पुढचे ध्वनिमुद्रण कॅलिफोर्नियात मालिबूला झाले, आणि नंतरचे दौरेसुद्धा त्याच्या उपचारांच्या तारखा सांभाळून आखावे लागले. दमलेल्या माणसाने याच टप्प्यावर गिटार खाली ठेवली असती. हा अल्बम जून 2013 मध्ये आला. ब्रिटनमध्ये ‘पॅरानॉइड’नंतर त्रेचाळीस वर्षांनी आणि अमेरिकेत प्रथमच त्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. त्यातल्या ‘गॉड इज डेड?’ या गाण्याला ग्रॅमीही मिळाला. तुझ्या मते त्याने काही सिद्ध होत नाही, आणि माझ्याही मते होत नाही.

निर्माता रिक रुबिन याने त्यांना आपला पहिला अल्बम पुन्हा ऐकायला लावला आणि हेवी मेटल अजून जन्मालाच आलेले नाही असे समजून वाजवा, असे सुचवले. सल्ला शहाणा होता, पण त्यात एक सापळाही होता: माणूस स्वतःचीच नक्कल करू लागतो. ‘एंड ऑफ द बिगिनिंग’च्या पहिल्या मिनिटात तो सापळा मला स्वच्छ दिसतो, आणि ‘झाइटगाइस्ट’ हे गाणे तर त्यांच्या जुन्या ‘प्लॅनेट कॅरॅव्हान’चेच कपडे घालून आले आहे. ‘गॉड इज डेड?’ जवळपास नऊ मिनिटांचे आहे आणि तू ते चौथ्या मिनिटाला बंद केलेस असे तुझ्या पत्रावरून वाटते. शीर्षकातले प्रश्नचिन्ह विसरू नकोस. बासवादक गीझर बटलरच्या शब्दांतला माणूस देव मेला हे ऐकत राहतो, त्याने हैराण होतो आणि शेवटी ते मानत नाही. गाणे लय बदलते ते उत्तरार्धात, आणि आधीची वाट चाललेली नसेल तर त्या वळणाला काही अर्थ राहत नाही.

पण तू एकच गाणे ऐकणार असशील तर ‘डॅमेज्ड सोल’ ऐक. ही मंडळी 1968 मध्ये ब्लूज वाजवणारी पोरे म्हणून एकत्र आली होती, आणि इथे ती तिथेच परत गेली आहेत. ऑझी माउथ ऑर्गन वाजवतो. त्याचा आवाज चौसष्टाव्या वर्षी चार-पाच स्वरांच्या पलीकडे फारसा जात नाही, पण या गाण्याला त्याहून जास्त लागतच नाही. दोन ओळींच्या मधल्या जागेत आयोमी एकच स्वर धरतो, तो हलका हलवतो, सोडून देईल असे वाटत असताना आणखी क्षणभर ठेवतो. प्लास्टिकच्या टोपणाखालचे ते बोट मला तिथे जवळजवळ दिसते.

आता वॉर्डविषयी. फेब्रुवारी 2012 मध्ये त्याने सांगितले की समोर आलेल्या करारावर सही करणे आपल्याला शक्य नाही, आणि तो बाहेर राहिला. करारात काय होते ते त्यांचे त्यांना ठाऊक. बाहेरून न्यायनिवाडा करण्याची मला हौस नाही. त्याच्या जागी ‘रेज अगेन्स्ट द मशीन’ या बॅण्डचा ड्रमर ब्रॅड विल्क याने काम चोख केले आहे. अडचण त्या चोखपणातच आहे. वॉर्ड जॅझ ऐकत वाढलेला, तो ठेक्यावर न बसता ठेक्याच्या किंचित मागे रेलतो आणि गिटारला उत्तर देत वाजवतो. त्यामुळे संथ लयीतही आत काहीतरी डोलत असते. विल्कच्या हाताखाली लय उभी राहते पण डोलत नाही. तू मेट्रोनोमच्या मागे पडतेस म्हणून तुझे शिक्षक तुला बोलत असत, तेव्हा मी बाहेरच्या खोलीत बसून मनातल्या मनात तुझी बाजू घेत होतो, हे आज सांगून टाकतो.

माझी स्वतःची तक्रार मात्र तुझ्या यादीत नाही, याचे आश्चर्य वाटले. अल्बमचा आवाज इतका दाबून वर आणला आहे की हळुवार जागाही मोठ्याच ऐकू येतात. विलंबित संगीताला शांततेची गरज असते. दोन घावांच्या मध्ये अंधार हवा, आणि इथे तिथेही दिवा लावून ठेवला आहे. आवाज कमी करून ऐकल्यास थोडा फरक पडतो, एवढेच.

5 जुलै 2025 रोजी बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन भागात, ते ज्या गल्ल्यांत वाढले त्यांच्या जवळच्या व्हिला पार्कवर चौघे शेवटचे एकत्र वाजले. ऑझी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला, ड्रमवर वॉर्ड होता. त्यानंतर सतराच दिवसांनी ऑझी गेला. त्यांनी चार गाणी वाजवली आणि त्यांत ‘थर्टीन’मधले एकही नव्हते. असायचे कारणही नव्हते, कारण तो अल्बम वॉर्डचा नव्हताच. म्हणजे ‘डॅमेज्ड सोल’ त्याने वाजवले असते तर कसे लागले असते, हे आता कोणालाच कळणार नाही.

‘डिअर फादर’ हे शेवटचे गाणे संपले की लगेच बंद करू नकोस. (त्यातला फादर धर्मगुरू आहे, आणि लहानपणी त्याच्या अत्याचाराला बळी पडलेला माणूस त्याला जाब विचारायला आला आहे, तुझ्या बापाने अंगाला लावून घ्यावे असे त्यात काही नाही.) वाद्ये थांबतात आणि पाऊस, गडगडाट, घंटा ऐकू येते, 1970 चा अल्बम ज्याने सुरू झाला होता तोच आवाज.

सुट्टीत येशील तेव्हा ड्रमच्या काठ्या आण. ‘डॅमेज्ड सोल’मधून विल्कला काढून टाकणे मला जमणार नाही, पण आवाज बेताचा ठेवीन, आणि तू त्याच्यावर तुझ्या नेहमीच्या सवयीने, किंचित मागे पडत, वाजवून दाखव.

तुझा,
बाबा