हयातीचा दाखला आता मोबाईलवरून

सर्व सभासदांना नमस्कार,

नोव्हेंबर आला. पेन्शनधारकांनी हयातीचा दाखला याच महिन्यात द्यायचा आहे (ऐंशी ओलांडलेल्यांना केंद्राने 1 ऑक्टोबरपासूनच मुभा दिली आहे). ईपीएस-95 वाल्यांचा (म्हणजे पीएफ कार्यालयाकडून पेन्शन मिळणाऱ्यांचा) दाखला मात्र दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो, तेव्हा त्यांनी आपली तारीख बघावी.

बँकेत जायलाच हवं असं नाही. 2021 पासून चेहरा दाखवूनही 'जीवन प्रमाण', म्हणजे हयातीचा डिजिटल दाखला, काढता येतं. प्ले स्टोअरवरून 'आधार फेस आरडी' आणि 'जीवन प्रमाण' ही दोन्ही अ‍ॅप घ्या. आधार, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि बँक खात्याचे क्रमांक आधीच कागदावर लिहून ठेवा, ऐनवेळी चष्मा आणि पासबुक शोधण्यात वेळ जातो.

गेल्या वर्षी आमच्या आईच्या अंगठ्याचा ठसा यंत्राने चार वेळा नाकारला. आयुष्यभर भाकऱ्या थापलेले हात ते, रेषा उरणार कुठून? चेहऱ्यावर काम दोन मिनिटांत झालं. फक्त खिडकीकडे तोंड करून बसा, उजेड पाठीमागे नको, आणि सांगितलं की पापण्या मिटून उघडा. प्रमाण क्रमांकाचा एसएमएस येतो, तो पुसू नका.

ओटीपी स्वतःच अ‍ॅपमध्ये भरायचा. 'पेन्शन बंद होईल' म्हणून फोन आला तर ओटीपी कोणालाही सांगू नका, सरळ फोन ठेवा.

ज्यांना जमत नाही त्यांनी रविवारी सकाळी 10 वाजता संघाच्या खोलीत यावं. आधारला जोडलेला मोबाईल सोबत आणा. ज्यांना जिना चढवत नाही त्यांनी कळवा, आम्ही घरी येतो.

– सचिव