पाकीट दिले, पुढे काय? शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री

विषय : शाळांमध्ये सॅनिटरी पॅडचा मोफत पुरवठा

महोदय,

शाळेत पॅड मोफत द्यायचे ठरले की बैठकीत पहिला प्रश्न येतो, 'मुलीमागे किती पाकिटे?' उत्तर बहुतेक वेळा 'एक' असते. पॅड दर ४ ते ६ तासांनी बदलावे लागते. दिवसाला ४ धरले आणि पाळी ५ दिवसांची, तर २० पॅड लागतात. ८ पॅडचे पाकीट दोन दिवसांत संपते. उरलेल्या दिवसांत मुलगी एकच पॅड दिवसभर ठेवते, मिळेल ते कापड घेते किंवा घरी राहते. कागदावर मात्र ती लाभार्थी असते. पुरवठा शाळेच्या वेळेपुरताच करायचा असेल तर रोज २ म्हणजे महिन्याला १० पॅड पुरतील, पण मग आदेशात तसे स्वच्छ लिहा.

महिन्याच्या ठरलेल्या तारखेला वाटप करून भागत नाही. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षे चक्र अनियमित असते, कधी २१ दिवसांचे तर कधी ४५ दिवसांचे. शिवाय पहिली पाळी नवव्या वर्षीही येऊ शकते, त्यामुळे योजना वरच्या वर्गांपासून सुरू केली तर सगळ्यात गोंधळलेल्या मुलीच बाहेर राहतात.

आता पॅड ठेवायचे कुठे? बहुतेक ठिकाणी ते कार्यालयातल्या कुलूपबंद कपाटात जातात. किल्ली एकाकडे, नोंदवही दुसऱ्याकडे. मुलीने वर्गातून उठायचे, कारण सांगायचे, सही करायची. एवढ्या सोपस्कारानंतर ती मागतच नाही, आणि वर्षअखेरीस 'मागणी नाही' असा शेरा पडतो. पॅड स्वच्छतागृहात, दाराच्या आतल्या बाजूला, झाकणाच्या डब्यात ठेवा. ओल लागली तर चिकटपट्टी सुटते आणि आतला लगदा फुगतो, म्हणून डबा जमिनीपासून उंच हवा. सुरुवातीला मुली मूठभर उचलतील. उचलू द्या. डबा उद्याही भरलेला असेल याची खात्री पटली की साठवण थांबते. नाणे टाकायचे यंत्र मात्र नको. नाणे अडकते, यंत्र भरायला कोणी येत नाही, आणि ज्या मुलीकडे पैसे नाहीत तिच्यासाठीच तर ही योजना आहे.

सगळ्यात दुर्लक्षित भाग वापरलेल्या पॅडचा. शाळेत पाळी येणाऱ्या १०० मुली असतील तर कोणत्याही दिवशी सुमारे १८ जणींची पाळी चालू असते. प्रत्येकीने शाळेत दोनदा पॅड बदलले तर रोज ३६ पॅड जमतात. कचरापेटी नसेल तर ते शौचकूपात जातात. पॅडमधली शोषक पावडर पाणी पिऊन फुगते, वरखालचे प्लास्टिक विरघळत नाही, आणि नळी तुंबते. मग स्वच्छतागृहाला कुलूप लागते आणि दोष मुलींच्या माथी येतो. उपाय साधा आहे. पेटी प्रत्येक शौचालयाच्या आत हवी. बाहेरच्या सामाईक पेटीपर्यंत वापरलेले पॅड हातात धरून सगळ्यांसमोर कोणी जात नाही. पेटी पायाने उघडणारी, झाकणाची असावी, शेजारी गुंडाळायला कागद असावा आणि ती रोज रिकामी व्हावी.

यावर उत्तर म्हणून भिंतीवर लावायची छोटी विजेची भट्टी खपवली जाते. ओले पॅड नीट जळायला ८०० अंश सेल्सिअसच्या वर तापमान आणि पुरेशी हवा लागते. तेवढे तापमान टिकले नाही तर प्लास्टिक अर्धवट जळते, विषारी धूर वर्गांच्या खिडक्यांपर्यंत येतो आणि तळाशी काळा गोळा उरतो. तापमानाची तपासणी आणि उंच धुराडे यांची हमी नसेल तर हा खर्च करू नका. पॅड वेगळे बांधून कचरागाडीकडे देण्याची रोजची व्यवस्था त्याहून बरी.

कापडी पॅड आणि कप (पाळीचे रक्त शरीराच्या आतच गोळा करणारा, पुन्हा वापरता येणारा) हे पर्यायही ठेवा, पण पाण्याची सोय पाहून. कापडी पॅड आधी थंड पाण्यात धुवावे लागते, गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबण आणि मग उघड्यावर ऊन. लाजेपोटी ते दुसऱ्या कपड्यांखाली वाळत घातले की ओलसर राहते, आणि ओलसर कापडाने त्वचेला त्रास होतो. कप १२ तासांपर्यंत चालतो, पण दर पाळीनंतर उकळावा लागतो. तो सक्तीने कोणालाच देऊ नये.

लाजेवर भाषणाचा उपयोग थोडा. मुलांना मैदानावर पाठवून मुलींना बंद खोलीत माहिती दिली की ही गोष्ट लपवायची असते, एवढाच धडा दोघांनाही मिळतो. वर्ग एकत्र बसवा. पॅड उघडून, त्यावर लाल पाणी ओतून ते कसे शोषले जाते ते दाखवा. शिक्षकांनाही हे शिकवा. मुलगी वर्गात उठून उभी राहिली तर कारण न विचारता तिला जाऊ देणे, एवढे तरी त्यांना जमायला हवे. आणि मुलींना रांगेत उभे करून, हातात पाकीट देऊन छायाचित्र काढणे कृपया बंद करा. आपल्या कार्यालयाला ते आवडते, हे ठाऊक असूनही सांगतो आहोत.

कायद्यात काय लिहायचे याचे नमुने तयार आहेत. केनियाने शिक्षण कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत सरकारी शाळांतल्या मुलींना मोफत, पुरेसे आणि दर्जेदार पॅड देण्याबरोबरच विल्हेवाटीची सुरक्षित सोयही बंधनकारक केली. स्कॉटलंडचा पाळीची साधने मोफत पुरवण्याचा कायदा १५ ऑगस्ट २०२२ पासून पूर्णपणे लागू झाला. ही साधने सहज मिळावीत, सन्मानाने मिळावीत आणि त्यांत निवडीला वाव असावा, असे तो सांगतो.

आपल्या आदेशात निधी एकरकमी खरेदीखाली न ठेवता दरमहाच्या चालू खर्चात धरा. पॅडइतकीच पाणी, दाराची आतली कडी आणि पेटी यांची तपासणी करा, आणि त्या वेळी प्रत्यक्ष डबा उघडून बघा. पेट्या रिकाम्या करणाऱ्या कर्मचाऱ्यांचे हातमोजे आणि त्या कामाचा वाढीव मोबदला याच निधीतून द्या. बहुतेक आराखड्यांत त्यांच्या नावावर एक रुपयाही नसतो.

आपल्या,
पाळीविषयी शाळांमध्ये काम करणाऱ्या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्या