खर्जाची तार लावून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही, असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण पत्र मात्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. इंदूरच्या मराठी घरांतून ते वाचलं जावं असं मला फार वाटतं, आणि तोंडावर आभार मानायला लागले की तुम्ही चहा टाकायला उठता.

काल दिवेलागणीला आईने तुम्ही रेकॉर्ड करून दिलेल्या ओव्या पुन्हा लावायला सांगितल्या. आता ती बोलते तेही दोन-दोन शब्दांत. "ओव्या. माझ्या." मी मोबाइल तिच्या उशाशी ठेवला. पहिली चार-पाच मिनिटं नुसता तंबोरा आहे, तेवढा तिने डोळे मिटून ऐकला. मग तिचा स्वतःचा आवाज आला, आणि तिची बोटं चादरीवर तारा छेडल्यासारखी हलायला लागली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. म्हणून आज हे पत्र.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही कुठे होऊन आलो होतो, ते तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. आईने चाळीस वर्षं रामबागेतल्या घरी मुलींना गाणं शिकवलं, फी विचारायलाही ती लाजायची. तिच्या आजीकडून आलेल्या जात्यावरच्या ओव्या तिला तोंडपाठ. होळकरांच्या काळात इकडे आलेल्या बायकांच्या ओव्या त्या, त्यात चंद्रभागेच्या शेजारी नर्मदामाई येऊन बसलेली. फुफ्फुसं आखडत चालली आहेत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आईने एकच गोष्ट मागितली. या ओव्या कुठेतरी राहू देत.

मी चांगला झगमगीत स्टुडिओ गाठला. तिथे तासावर पैसे. मुलगा हातात मोबाइल घेऊन बसलेला, समोर भिंतीवर मोठं घड्याळ. तंबोरा आणू का विचारलं तर म्हणाला, "अ‍ॅप आहे ना मावशी, वेळ वाचेल." आई गायला लागली, दर ओळीला थांबायला लागली, आणि काचेपलीकडून आवाज आला, "आजी, एका दमात होईल का?" होणार नव्हतं. एका दमात झालं असतं तर आम्ही घाई करून आलोच नसतो. आठ दिवसांनी फाइल आली. श्वास सगळे कापलेले, ओळी एकमेकींना चिकटवलेल्या, आणि सूर मशीनमधून सरळ करून काढलेले. आईने ऐकलं आणि विचारलं, "ही बाई कोण?"

त्या मुलाने पैसे चोख घेतले आणि सांगितलेलं काम केलं, असं कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. ऐंशी वर्षांच्या बाईला तिचाच आवाज अनोळखी करून देणं हे काम नव्हे. आणि आमच्या नात्यातले जे म्हणाले, "या वयात कशाला दगदग, कोण ऐकणार आहे?" त्यांनाही मी अजून माफ केलेलं नाही.

मग कोणीतरी तुमचा नंबर दिला. "मालवा हाउसला रेडिओवर होते, आता घरीच मागच्या खोलीत थोडंफार करतात." तुम्ही फोनवर विचारलंत, "तंबोरा आहे घरात?" आहे म्हटलं. "मग तोच आणा. बाकी काही नको."

मिरजेचा तो तंबोरा आईला लग्नात तिच्या वडिलांनी दिलेला. भोपळ्याला एक जुनी चीर आहे, लाखेने भरलेली. तुमच्या खोलीत चटई टाकून आई बसली, मांडीवर तंबोरा आडवा घेतला, आणि तिला खुंटी फिरेना. बोटांत जोरच नाही. मी पुढे झाले, तर तिने मान हलवली. माझ्या कानावर तिचा कधीच भरवसा नव्हता, आणि तो योग्यच होता.

तेव्हा तुम्ही काचेमागून उठून आलात. दाराशी चपला काढल्यात. आईसमोर जमिनीवर बसलात आणि म्हणालात, "ताई, कान तुमचा, हात माझा. सांगा."

पुढची चाळीस मिनिटं मी कोपऱ्यात बसून बघत होते. आई बोटाने सांगायची. वर. जरा वर. पुरे. आधी पंचम, मग जोडीच्या दोन तारा. दोन्ही षड्ज एक होईनात, तुम्ही तारेतला मणी केसभर सरकवायचात, ती ओठ मुडपायची, तुम्ही परत मागे आणायचात. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेला जवारी, तो घुमणारा झणकार, खुलत नव्हती. घोडीवरच्या तारेखालचा तो सुती जीवा तुम्ही नखाने जरासा पुढे ढकललात, तार छेडलीत, थांबलात, पुन्हा ढकललात. पंखा बंद होता. मे महिना. तुमच्या कपाळावरचा घाम चष्म्याच्या काचेवर उतरला, आणि पुसायला हात मोकळा करावा लागेल म्हणून तुम्ही तो पुसला नाहीत.

आणि मग तो आला. खर्जाच्या तारेतून, कोणी न छेडलेला गंधार, सा रे ग मधला ग. मलासुद्धा ऐकू आला, काका! मला, जिला आईने दहाव्या वर्षी "तू चित्रकला कर" असं सांगितलं होतं. आईचा चेहरा असा झाला की जणू माहेरचं कोणीतरी दारात आलंय. तुम्ही हळूच म्हणालात, "आता गा." आणि जाता जाता माझ्याकडे वळून, "हे लावण्याचे पैसे धरायचे नसतात हं."

बाकी तुम्ही माझ्यासाठी जे जे केलंत ते मोठंच. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तो न पुसलेला घाम आठवतो.

नंतर चहा घेताना आईने विचारलं, एवढं तंबोऱ्याचं कुठे शिकलात? तुम्ही म्हणालात, "कुमारजींमुळे." आणि मग ज्या गोष्टी सांगितल्यात, त्या आईने मला घरी येऊन पुन्हा सांगायला लावल्या, म्हणून माझ्या चांगल्या लक्षात आहेत.

तुम्ही म्हणालात, आम्ही रेडिओवाले लाल दिव्याचे गुलाम. अमुक वाजता दिवा लागणार, तमुक वाजता विझणार. पण कुमार गंधर्व गायला बसणार असले की एक गोष्ट ठरलेली. तंबोरे लागेपर्यंत कोणी घड्याळाकडे बघायचं नाही. दोन तंबोरे, प्रत्येक स्वतः कानाशी घेऊन तपासणार, हा लागला की तो, तो लागला की परत हा. नवशिक्या इंजिनिअरला वाटायचं, अजून सुरुवातच नाही. तुम्ही म्हणालात, "मला कळायला दोन वर्षं लागली की गाणं सुरू झालेलंच असायचं." लागलेल्या तंबोऱ्यासाठी, काका, तुम्ही वेगळाच शब्द वापरला होतात. सारवलेली जमीन. आधी सारवण, मग रांगोळी.

आणि मग ती दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. 1948 च्या जानेवारीत क्षयाने खंगलेले कुमारजी इथून जवळच देवासला येऊन राहिले. वय तेविशीतलं. पाचेक वर्षं गाणं बंद. खाटेवर पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, भटक्या जोग्यांची निर्गुणी भजनं ऐकली, आणि 1953 मध्ये पुन्हा गायला बसले ते एका निकामी फुफ्फुसासकट. हे सगळं आम्हा इंदूरकरांना पाठ असतं. पण तुम्ही काचेमागे बसून काय ऐकलंत ते कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, त्यांची स्वरवाक्यं छोटी. एक झेप घ्यायची आणि सोडून द्यायचं. मग मध्ये एक मोकळी जागा. त्या जागेत तंबोरा गातो. म्हणून तो तसा नीट लावलेला असावा लागतो! रेकॉर्डिंगमध्ये तंबोरा मागे ढकलला की त्या मोकळ्या जागा नुसत्या भोकांसारख्या दिसतात आणि गाणं फाटकं वाटतं. तंबोरा पुढे ठेवला की तेच गाणं अखंड.

लोक म्हणतात फुफ्फुसामुळे ते तसे गायले. तुम्हाला ते पटत नाही. "एवढा विचार नाइलाजातून येत नाही. प्रत्येक बंदिशीला तिचं म्हणून किती लांब जायचं ते त्यांनी आधी ठरवलेलं असायचं. उगाच ताणणं नाही." लोकधुनांतून त्यांनी जे धुनउगम राग बांधले, त्यांनाही हेच लागू, असं म्हणालात. माळव्यातली बाई जेवढं गाते तेवढ्यातच राग आहे हे ऐकायला धीर लागतो. आईने तेव्हा खूप वेळ मान हलवली. तिचंही आयुष्यभराचं म्हणणं तेच, फक्त तिला कोणी विचारलं नव्हतं.

मग तुम्ही आईकडे वळून सांगितलंत, "तुमच्या श्वासाला मी हात लावणार नाही. ती जागा आहे." गाणारे जागा घेतात हे मी लहानपणापासून ऐकते. श्वासाचीही जागा असते हे त्या दिवशी कळलं. तुम्ही तंबोऱ्यासाठी वेगळा माइक लावलात, आणि आईला फक्त एवढं शिकवलंत की श्वास घेताना मान जराशी बाजूला न्या. लता मंगेशकरांना ही माइकपुढची श्वासाची युक्ती संगीतकार अनिल विश्वासांनी शिकवली होती, हेही तेव्हाच सांगितलंत. आपल्या इंदूरच्या शीख मोहल्ल्यात जन्मलेली मुलगी, असं म्हणताना तुमचा आवाज बदलला. लताबाईही रेकॉर्डिंगला चपला काढून उभ्या राहायच्या. तुम्ही दाराशी चपला का काढल्यात ते मला तेव्हा उमगलं.

त्या पहिल्या फाइलचं काय बिघडलं होतं, तेही तुम्हीच समजावलंत. तार पूर्ण लांबीने हलते तशी तिच्या पाच सारख्या भागांतही हलते, आणि त्यातून तो गंधार निघतो. सुरांमधलं अंतर सेंटमध्ये मोजतात, आणि षड्जापासून तो 386 सेंटवर येतो. पेटीचा आणि मशीनचा गंधार मात्र 400 वर. म्हणजे आई जन्मभर तंबोऱ्याशी जुळवून जो गंधार गात आली, तो मशीनला बेसूर वाटला आणि मशीनने तो 14 सेंट वर ओढला. आई बरोबर होती! ऐंशीव्या वर्षी, तुटक्या श्वासात, ती बरोबर होती, आणि त्या दिवसापर्यंत मी मनात कुठेतरी धरून चालले होते की आईचा सूर आता ढळला. हे मी तिच्यापाशी कबूल केलं. तिने माझ्या गालावर चापटी मारली.

काका, मला नेहमी वाटतं, चांगुलपणा म्हणजे दुसऱ्याच्या वेळेत आपण जाऊन बसणं. सरकारी दवाखान्यात आईला खुर्ची आणून देणारी एक आया, आमच्याकडून कधीच घाईने पैसे न मागणारा ऑक्सिजनवाला मुलगा, आणि तुम्ही. तुम्हा कोणाचंही काम त्याने अडलं नसतं. खुर्ची न देताही ड्युटी झाली असती. अ‍ॅपचा तंबोरा लावूनही रेकॉर्डिंग झालं असतं, मी पैसेही तेवढेच दिले असते आणि काय हरवलं ते मला कळलंही नसतं. न कळणाऱ्या माणसासाठी नीट काम करणं, हे तुम्ही केलंत. माझ्या मुलाला मी हे सांगते. तो बंगळुरूला असतो, सॉफ्टवेअरमध्ये. त्याने ओव्या हेडफोनवर ऐकल्या आणि रात्री फोन केला. म्हणाला, "आजी श्वास घेते ना, तेव्हा ती शेजारी बसल्यासारखी वाटते."

एकूण बावीस ओव्या झाल्या. तीन राहिल्या. त्या आता होणार नाहीत, आईचा आवाज पावसाळ्यातच बसला. ती त्यावर काही बोलत नाही आणि मीही विषय काढत नाही.

एक मागणं आहे. तंबोरा उतरला आहे. हवा बदलली की जोडीच्या तारा वेगळ्या होतात, हे आता मलाही ऐकू येतं. मी परवा खुंटीला हात लावला, तर आईने डोळ्यांनीच नाही म्हटलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे आपल्या तिघांचा त्या दिवशीचा फोटो लावलाय. बोट तुमच्यावर होतं.

रविवारी सकाळी या. पोहे करीन, जलेबी कोपऱ्यावरून आणीन. तिच्या पलंगाजवळ चटई टाकून ठेवते.

तुमची,
रामबागेतली, तंबोरावाल्या बाईंची मुलगी