चिऊ, आधी पट्टी गप्प करायला शीक

चिऊ,

तुझं व्हायब्राफोनचं रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं, चौथ्यांदा आई म्हणाली आता हेडफोन लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं "छान" टाकलं कारण तिथे मला दोन ओळींच्या वर टाइप करायला जमत नाही, तर हे सविस्तर. तू म्हणतेस ब्रिजला, म्हणजे गाण्याच्या मधल्या भागाला, आल्यावर सोलोचा चिखल झाला, सर काही बोलले नाहीत पण चेहरा बघून कळलं. झालाय गं चिखल, खोटं कशाला बोलू. पण चुकीच्या नोट्समुळे नाही झालेला. नोट्स बहुतेक बरोबर आहेत, फक्त आधीच्या अजून मेल्या नाहीयेत आणि तू त्यांच्यावर पुढच्या टाकत चाललीयस.

मरिम्बा म्हणजे आपल्या वाद्याचा लाकडी भाऊ, त्याची पट्टी लाकडाची, ठोकली की लगेच विरते. आपली अ‍ॅल्युमिनियमची, पेडल दाबलं की कितीतरी वेळ गुणगुणत राहते. आणि पेडल बिचारं ठोकळ, एकतर आवाज दाबणारा फेल्ट सगळ्या पट्ट्यांपासून खाली जातो नाहीतर सगळ्यांना लागतो, एकीला धर दुसरीला सोड असं त्याला येत नाही. आम्हाला ऑर्केस्ट्रात याचं काही वाटायचं नाही. गाण्यात चांदणं किंवा स्वप्न आलं की पेडल दाबून खालून वर एक ट्रिंगगग सोडायची, पब्लिक खूष. अकरा वर्षं मी तेच केलं.

तुझ्या ब्रिजमध्ये जे होतंय ते सांगतो. तीन कॉर्ड आहेत, डी मायनर सेव्हन, मग जी सेव्हन, मग सी मेजर सेव्हन. तू पहिल्या कॉर्डची तिसरी आणि सातवी नोट वाजवतेस, म्हणजे एफ आणि सी. बरोबर. जी सेव्हनला एफ तिथेच राहतो, सी एक घर खाली बी वर येतो. तेही बरोबर. पण सी आणि बी शेजारशेजारच्या पट्ट्या, पेडल खाली, दोन्ही एकदम वाजतात आणि कानाला दात शिवशिवल्यासारखं होतं. पेडल सोडलंस तर एफ पण जातो, मग कॉर्डच पोकळ. म्हणून बी मारतानाच दुसऱ्या मॅलेटचं, म्हणजे वाजवायच्या काडीचं, डोकं सी वर टेकवायचं. मारायचं नाही, ओल्या पोळपाटावर बोट ठेवावं तसं ठेवायचं, ठक् असा आवाज आला तर चुकलं. मग सी जातो, बी येतो, एफ मधूनच वाजत राहतो. पुढच्या कॉर्डला उलटं, एफ दाबायचा, ई मारायचा, बी राहू द्यायचा. एवढं एकच, अगदी हळू, मेट्रोनोम दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर लावून, आठवडाभर. बाकी स्केल बिल नंतर.

मी हे इथे पितळी ताटावर करून बघितलं, लाकडी चमच्याला फडकं गुंडाळून. जमतं. आईने ताट काढून घेतलं ते वेगळं.

मला दोनच मॅलेट यायच्या, तू चार धरतेस, गॅरी बर्टनसारख्या तळव्यात काड्या क्रॉस करून, त्यामुळे हे तुला जास्त सोपं जायला हवं. तो व्हायब्राफोनवाला माणूस 1971 पासून तुमच्याच बोस्टनमध्ये बर्कली संगीत कॉलेजात शिकवायचा. 1972 मधलं त्याचं चिक कोरियाबरोबरचं रेकॉर्डिंग काढ, पियानो आणि व्हायब्राफोन, बास नाही ड्रम नाही, आणि फक्त नोट कुठे थांबते ते ऐक. कुठे सुरू होते ते सगळेच ऐकतात.

आणि मोटर बंद कर बाई. ती पट्ट्यांखालच्या नळ्यांतले पंखे फिरवते, त्याने आवाज कापतो. जॅझमधल्या मिल्ट जॅक्सनने ते पंखे अगदी सावकाश फिरवले, सेकंदाला 3.3 फेऱ्या असं लिहिलेलं आहे, त्याच्या आधीच्या लायोनेल हॅम्प्टनचे 10 च्या आसपास असायचे. म्हणून जॅक्सनचा ब्लूज माणूस गातोय असा वाटतो. पण तो कंप त्यांनी विचार करून घेतलेला, तू चालू ठेवतेस कारण बटण तिथे आहे. आमची मोटर तर अशी घरघरायची की हळू गाण्यात मी बंदच ठेवायचो, पट्टा पण सारखा सुटायचा.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. 86 साल असेल, जुहूच्या एका हॉटेलात एकाच्या बदली म्हणून गेलो होतो. सॅक्सोफोनवाले गोव्याचे, वयाने मोठे, त्यांनी आपला सोलो संपवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे आता तू. ब्लूज होता, बारा बारचं, म्हणजे बारा आवर्तनांचं, चक्र, त्यापेक्षा सोपं काही नसतं. आणि मला काहीच सुचेना. आयुष्यभर रेकॉर्डवरून पीस उतरवून जसाच्या तसा वाजवलेला माणूस मी. मी काय केलं तर एका सिनेमाच्या गाण्याचा इंटरल्यूड, म्हणजे कडव्यांमधला वाद्यांचा तुकडा, वाजवला, अख्खा, तोही भलत्याच स्केलमध्ये. ते हसले नाहीत. पण रात्रभर परत मान काही हलवली नाही.

त्या रात्री कोणी मला म्हणालं असतं की अरे दोन नोट वाजव आणि थांब, तरी पुष्कळ झालं असतं. तू अडकलीस की बोटं जास्त जोरात पळवतेस, रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट कळतं, शेवटचे आठ बार तर पळापळच. आधी तोंडाने गा, बेसूर गा, तुझा श्वास जिथे संपेल तिथे ओळ संपव. लहानपणी माझ्या मांडीवर बसून हार्मोनियमबरोबर पलटे म्हणायचीस तेव्हा श्वास बरोबर घ्यायचीस की.

बरं, ती एक पट्टी अगदी मेल्यासारखी वाजते म्हणालीस ना, बघ तू पट्ट्या ओवलेल्या दोरीच्या वर मारतेयस का. जिथून दोरी जाते तिथे पट्टी हलतच नाही, आवाज कुठून येणार. मधोमध मार नाहीतर एकदम कडेला.

पुढच्या वेळी फोन बासच्या अ‍ॅम्पपासून लांब ठेव, तुझ्या उजव्या हाताच्या वरच्या नोट्स मला निम्म्याच ऐकू आल्या. आणि फक्त ब्रिज पाठव, अख्खं गाणं नको, डेटा जातो.

बाबा