तक्त्यावर न येणारी नजर

ती. बाबा आणि आई यांस,
शि. सा. न.

अंधार पडल्यावर गाडी चालवू नका म्हटलं, तर "मोतीबिंदू काढला, तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली, आता काय?" असं म्हणून बाबांनी फोन ठेवला. फोनवर तुमच्यापुढं कुणाचं चालत नाही, म्हणून लिहितेय.

बाबा, स्नेलन नावाच्या डच डॉक्टरांनी तो तक्ता १८६२ साली काढला. पांढऱ्यावर काळी अक्षरं, लख्ख उजेड, बसायला खुर्ची आणि हवा तेवढा वेळ. औशाच्या रस्त्यावर दिवेलागणीला यातलं काय असतं? रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली, समोरच्या ट्रकचा फोकस आणि कडेनं मध्येच घुसणारं वासरू.

नजर समोर असताना कडेचं किती ध्यानात येतं, तो घेर वयानं आवळत जातो. तो तपासायची रीत मजेशीर आहे. स्क्रीनवर क्षणभर मधोमध मोटार किंवा ट्रक दिसतो, त्याच क्षणी कडेला दुसरी गाडी. मधे काय होतं आणि कडेची कुठं होती, दोन्ही सांगायचं. एकेक विचारलं तर वयस्कर माणसंही बरंच बरोबर सांगतात, दोन्ही एकदम विचारलं की अडतात. हे चष्म्यानं भरून निघत नाही, कारण मंदावतो तो मेंदूचा वेग. शिवाय अंधारात बाहुली पूर्वीएवढी मोठी होत नाही आणि फोकस डोळ्यावर आला की नजर सावरायला वेळ लागतो. नवी लेन्स बसवली तरी हे राहतंच.

म्हणून साखर कारखाने चालू आहेत तोवर दिवस मावळायच्या आत घरी या. शेतीची रात्रपाळीची लाईट आली तर पाण्याची मोटार चालू करायला गड्याला पाठवा. आणि गाडी चालवताना खांद्यात दाबून धरलेला तो फोन! त्याबद्दल आई बोलेलच.

आई, मोहरीचा डबा समोर असून तुला सापडत नाही आणि बाबा "डोळे फुटले का" म्हणतात. ते ऐकून घेऊ नकोस. गर्दीतलं नको ते बाजूला सारून हवं ते टिपणं वयानं जड जातं, बाबांनाही. तुझ्या मांडणीवर तर सगळे डबे एकाच स्टीलचे, एकाच उंचीचे. मोहरी, जिरं, हळद काचेच्या बरण्यांत काढ, बाकीचे डबे वर जाऊ देत. न्हाणीची पायरी आणि खालची फरशी एकाच शहाबादीची आहे. कड कळत नाही, पिवळा पट्टा ओढून घे.

एक मात्र वयावर ढकलायचं नाही. काचबिंदूतही कडेचं दिसणं जातं, बहुतेकदा न दुखता, न कळता, आणि गेलेलं परत येत नाही. संक्रांतीला येतेय, तेव्हा लातूरला जाऊन बाबांच्या डोळ्यांचा दाब आणि कडेचं दिसणं तपासणारी फिल्ड टेस्ट करून घेऊ. गाडी मी चालवणार, त्यावर वाद नको. हुरडा राखून ठेवा.

तुमची,
सुमी