मासळी गाभण, गस्त रजेवर : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

मा. मत्स्यव्यवसाय मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, मासळीला अंडी घालू द्या. मान्य. नारळी पौर्णिमेआधी होडी लोटायची नाही हे आम्हा कोळ्यांच्या घरात तुमचं राजपत्र निघायच्या कितीतरी आधीपासून चालत आलंय. आमची होडी ताडपत्रीखाली आहे. आणि परवा रात्री किनाऱ्यासमोर ट्रॉलरचे, म्हणजे मोठं जाळं ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटींचे, दिवे फिरत होते. बंदीआधी गावात बैठक घेऊन "एक फोन करा, गस्ती नौका हजर" असं सांगून गेलेल्या साहेबांना फोन लावला. नौका दुरुस्तीला आहे म्हणाले, लेखी तक्रार द्या. दिली. पोच मिळेपर्यंत ट्रॉलरवाला जाळं वर ओढून थांबेल, अशी त्यांची समजूत असावी.

मी मासळी कापून विकते. दुसऱ्या दिवशी बाजारात एक क्रेट पाहिला. वर बांगडे, पोट जरा दाबलं की गाभोळी, म्हणजे अंडी, बाहेर. खाली पापलेटची पिल्लं, माझ्या तळहाताहून लहान. 2023 साली पापलेटला राज्यमासा केलंत, त्याच वर्षी 54 जातींची पकडण्याजोगी किमान लांबी ठरवलीत, पापलेटची 135 मिलिमीटर. मोजपट्टी घेऊन बाजारात आलेला सरकारी माणूस मी अजून पाहिलेला नाही. सत्कार मात्र झाले.

बांगडा, तारली पावसाळ्यातच का अंडी घालतात, साहेब? नद्यांचं गढूळ पाणी खत घेऊन समुद्रात उतरतं, दक्षिणेकडे तळाचं थंड पाणी वर येतं, त्यावर डोळ्यांना न दिसणारं शेवाळ आणि प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, माजतं. पिल्लाचा पहिला घास तोच. बहुतेक माशांची अंडी पाण्यात तरंगतात, आपल्या उबदार समुद्रात साधारण दिवसाभरात फुटतात. पिल्लाच्या पोटाची शिदोरी दोन-चार दिवसांची. तेवढ्यात घास मिळाला नाही, पाणी फार तापलं, की खेळ खलास. म्हणून तर एकेक सुरमई लाखांनी अंडी टाकते आणि मोठी होतात मोजकी. कोळंबीची अंडी समुद्रात, पिल्लं मात्र भरतीबरोबर खाडीत येऊन तिवरांत, म्हणजे खारफुटीत, वाढतात. त्या खाडीत कारखान्यांचं पाणी येतं ते बाराही महिने. त्याला 61 दिवसांचीही बंदी नाही. आणि बोंबील तर जवळजवळ वर्षभर अंडी घालतो, त्याला तुमची तारीख कोण कळवणार?

दोन महिने घरात सुक्या मासळीवर भागवतोय. सोसायटीचं कर्ज थांबत नाही, डिझेलचा परतावा अडकलेला, बर्फाच्या पाण्याने पायाला चिखल्या. 2025 मध्ये मासेमारीला शेतीचा दर्जा दिलात. शेतकऱ्याच्या बांधावर निदान तलाठी पंचनाम्याला तरी येतो. आमच्या समुद्राच्या पोटातली मासळी चोरीला गेली तर पंचनामा कुठे करायचा?

विचारलं की हद्द दाखवता. 12 सागरी मैलांच्या आत राज्य, बाहेर दिल्ली. एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासळी गोळा करायच्या मासेमारीवर केंद्राने 2017 ला बंदी घातली, राज्याने 2021 ला दंड लाखांत नेले, आणि दिवे अजून जळतातच. ज्या पट्ट्याला आम्ही मासळीचं कोठार म्हणतो तिथे वाढवण बंदरासाठी 76,000 कोटींवर खर्च आणि 1,448 हेक्टर समुद्रात भराव. म्हणजे होडीवाल्याने दोन महिने उपाशी राहून अंडी जपायची, आणि अंडी घालायची जागाच भरावाखाली. बंदी मासळीसाठी आहे की फक्त आमच्यासाठी, हे एकदा छापून तरी द्या.

मागणी मोठी नाही. बंदीत पकडलेल्या ट्रॉलरचा परवाना रद्द करा, नुसता दंड तो एका फेरीत फेडतो. लिलावाच्या जागी रोज पहाटे मोजपट्टीवाला माणूस बसवा. मे महिन्यात आणि जुलैत बाजारातल्या मासळीची पोटं तपासा, विक्रेत्या बायकांना विचारा, कोणती मासळी कधी गाभण असते ते आम्ही जातवार सांगू. आणि गस्ती नौका दुरुस्तीतून कधी सुटणार ती तारीख कळवा. ऑगस्टमधली नको.

आपली,
पालघर किनाऱ्यावरची एक मासेविक्रेती