आई, चपला बोटीवरच राहू देत

प्रिय आई-बाबा,

फोनवर हे नीट सांगून होत नाही. बाबा दोन मिनिटांत ‘बरं, ठेवतो’ म्हणतात आणि आई, तू मधेच ‘जेवलात ना दोघी?’वर येतेस. म्हणून बसून लिहितेय. ताईने वाचलंय, तिच्या दुरुस्त्या यात आल्या आहेत.

आधी मुद्द्याचं. व्हिएतनामला आम्ही दोघी फिरायला गेलो हे खरं. पण समुद्रातली ती एका रात्रीची क्रूझ घेतली ती तुम्हाला झेपेल का हे बघण्यासाठी. मी पायऱ्या मोजल्या, ताईने बाथरूमच्या फरशा घसरतात का ते पाहिलं, जेवणात काय काय आहे ते विचारून घेतलं. झेपेल. दोघांनाही झेपेल. आता तुमच्या मनात येणाऱ्या शंका घेते.

हनोईहून सकाळी निघालो. हायवे चांगला आहे, अडीच तासांत किनारा येतो. बाबा, या रस्त्यावर एक जागा खास तुमची आहे. किनाऱ्याच्या थोडं अलीकडे बाख डांग नदीवरचा मोठा पूल लागतो. याच नदीच्या मुखाशी इ.स. 938 मध्ये व्हिएतनामी सेनापती न्गो क्वेनने चिनी आरमार बुडवलं आणि 1288 मध्ये त्रान हुंग दाओने तीच युक्ती करून कुब्लाई खानाच्या मंगोल आरमाराची वाट लावली. नदीच्या तळात लाकडी खुंट ठोकून ठेवले होते. भरतीला ते पाण्याखाली दिसेनासे झाले, शत्रूची गलबतं आत ओढून घेतली, आणि ओहोटी लागल्यावर गलबतं खुंटांवर चढून अडकली. पूल ओलांडायला मिनिटभर लागतं. मी ताईला हे सांगेपर्यंत तो मागे पडला होता. तुम्ही असतात तर ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली असती. तिथे थांबता येत नाही, पण मान वळवून बघता येतं, म्हणून खिडकी तुमची.

धक्का तुआन चाऊ नावाच्या बेटावर आहे. तिथून आधी छोट्या बोटीत बसायचं आणि मग ती बोट मोठ्या जहाजाला नेऊन लावतात. सगळ्या प्रवासात मला काळजी वाटली ती याच एका जागेची. दोन्ही बोटी थोड्या हलत असतात आणि मधे वीतभर फट असते. तिथला कर्मचारी हाताचा पंजा धरत नाही, कोपराखाली घट्ट धरतो आणि बोटी एका पातळीला आल्या की ‘आता’ अशी खूण करतो. एक काठी घेतलेल्या आजी आमच्यासमोर चढल्या, कुणीही घाई केली नाही. आई, तुझ्या गुडघ्यांसाठी मी एवढंच करणार आहे: खोली जेवणघराच्याच मजल्यावरची मागायची, आणि लिफ्ट असलेलं जहाज मिळालं तर तेच घ्यायचं. आमच्या जहाजावर लिफ्ट नव्हती, जिने उभे होते. जनरेटरच्या जवळची खोलीही नको. रात्री नांगर टाकल्यावर इंजिन बंद होतं, पण तो घुमत राहतो.

दुसरी शंका, बोट लागण्याची. आई, तुला घाटात गाडी लागते, तेव्हा समुद्रात काय होईल ही भीती मला पुरेपूर होती. पण हा उघडा समुद्र नाहीच. ‘हा लाँग’ आणि त्याला लागून असलेला ‘लान हा’, या दोन्ही उपसागरांत चुनखडीच्या डोंगरांची इतकी दाटी आहे की लाट आत येईपर्यंत मरून जाते. नुसत्या हा लाँगमध्ये लहानमोठी मिळून 1,969 बेटं मोजली आहेत. जेवताना वाटीतलं सार हललं नाही, हे मी मुद्दाम बघितलं.

बाबा, हे डोंगर समुद्रातून वर आलेले नाहीत. आधी जमिनीवरचेच चुनखडीचे डोंगर, पावसाने लाखो वर्षं विरघळवून सुटे सुटे केलेले. मग समुद्र वर चढला आणि दऱ्यांमध्ये पाणी भरलं. म्हणजे आपण जिथून जहाजाने जातो ती पूर्वीची दरी. प्रत्येक बेटाच्या बुडाशी पाण्याने खाऊन खाऊन आत खाच पाडली आहे, त्यामुळे काही बेटं अळंब्यासारखी दिसतात. तिथले लोक मात्र वेगळं सांगतात. शत्रू चालून आला तेव्हा आकाशातून ड्रॅगन उतरला, त्याने तोंडातून रत्नं टाकली आणि त्यांची बेटं झाली. हा लाँगचा अर्थच ‘उतरता ड्रॅगन’. हा लाँगला युनेस्कोने 1994 मध्ये सौंदर्यासाठी आणि 2000 मध्ये भूरचनेसाठी जागतिक वारशात घेतलं, आणि 2023 मध्ये त्यात कात बा बेटांचा समूहही जोडला. ‘लान हा’ उपसागर त्या कात बाच्या कुशीत आहे. आम्ही मुद्दाम तिकडची क्रूझ घेतली, कारण मुख्य उपसागरात दिवसा बोटींची रांग लागते. तुम्हालाही लान हालाच नेणार. तिथे शांतता आहे, आणि तुम्हा दोघांना गर्दीपेक्षा शांतता जास्त मानवते हे मला ठाऊक आहे.

दुपारी तीनच्या सुमारास कयाक आणि बांबूच्या होड्या आल्या. आता जे लिहिणार आहे त्यासाठीच हे पत्र आहे.

आम्ही दोघी लाइफ जॅकेट घालून कयाकमध्ये बसलो. पुढे बसलेल्याने ताल धरायचा, मागच्याने दिशा. पुढे मी, मागे ताई. पहिली दहा मिनिटं आमची वल्ही एकमेकांवर आपटत होती. मग ताई मागून ‘डावं, उजवं’ म्हणायला लागली, लहानपणी शाळेत जाताना रस्ता ओलांडायची तशी, आणि होडी सरळ निघाली. समोर कातळात एक बुटकी कमान. आत अंधार, थेंबांचा आवाज, डोक्यावर हात पुरेल एवढ्यावर खडक. आणि पलीकडे एकदम उजेड. चारही बाजूंनी उंच कडे, मधे हिरवं पाणी, वारा नाही. त्या जागेला तिथे अंधार-उजेडाची गुहाच म्हणतात. खडकाला हात लावू नका असं आधीच बजावलं होतं. पाणी उतरलं होतं आणि सगळीकडे कालवं उघडी पडली होती, त्यांची धार सुरीसारखी. बाबा, एक नवल सांगते. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते ना, तिथे बहुतेक दिवस एकदाच येते. तीही काही दिवशी तीन मीटरच्या वर. पाणी चढलं की ती कमान आणखी बुटकी होते, म्हणून जायची वेळ भरती-ओहोटी बघून ठरते.

आत तळ्यासारख्या त्या पाण्यात आमच्या शेजारून एक बांबूची होडी गेली. तिथलीच एक बाई वल्हवत होती आणि पुढे तुझ्याच वयाची एक बाई बसली होती, आई. तिने एक हात पाण्यात सोडला होता. काही करत नव्हती, कुणाशी बोलत नव्हती, नुसता हात पाण्यातून जाऊ देत होती.

मला एकदम आपल्या सगळ्या सहली आठवल्या. बाबा आमचे हात धरून गुडघाभर पाण्यात, आणि तू कोरड्या वाळूत बसलेली. समोर चार चपलांचे जोड, बाबांचं घड्याळ रुमालात बांधलेलं, गाडीची किल्ली, कोरडे कपडे, डब्याची पिशवी. आम्ही ‘आई, ये ना’ म्हणून ओरडायचो आणि तू म्हणायचीस, ‘सामान कोण बघणार?’ आम्हाला ते खरंच वाटायचं. तुला पाणी आवडत नाही अशी आमची समजूत झाली होती. ताई मागून म्हणाली, “आईला आपण कधी विचारलंच नाही गं.” आम्ही दोघी तिथे वल्ही मांडीवर ठेवून किती तरी वेळ बसलो. गाइडने हाक मारल्यावर निघालो.

आई, जहाजावर सामान खोलीत राहतं आणि खोलीला कुलूप असतं. चपला धक्क्यावरच्या माणसाकडे नाहीत, तुझ्याकडे नाहीत, त्या जहाजावर पडून राहतात. तुला कयाक करायची गरज नाही, पोहता यायची गरज नाही. बांबूच्या होडीत पाटावर बसल्यासारखं बसायचं. पंजाबी ड्रेस चालतो, भिजला तर वाळतो. बाबांना कयाक चालवायची असेल तर ताई त्यांच्या मागे बसेल, मी तुझ्यासोबत होडीत.

पोहायचं म्हणाल तर आम्ही छोट्या किनाऱ्यावर उतरलो आणि कुडकुडत तीन मिनिटांत बाहेर आलो. मार्चमध्ये पाणी गार आणि आकाश धुक्यात. बेटं एकामागे एक फिकट होत जाताना फार सुंदर दिसतात, पण ऊन शेवटपर्यंत पडलं नाही. तुम्हाला नोव्हेंबरात नेणार. तेव्हा हवा कोरडी, आकाश स्वच्छ, गारवा सोसवेल एवढा.

बाबा, आणि हो, ती बातमी. तुम्ही ती वाचली असणार आणि मला मुद्दाम विचारलं नसणार. जुलै 2025 मध्ये हा लाँगमध्ये अचानक आलेल्या वादळात एक पर्यटक बोट उलटली आणि तीसहून जास्त माणसं गेली. मी ते लपवणार नाही. ती दिवसाची बोट होती आणि तो वादळांचा हंगाम होता. जून ते सप्टेंबर मी तुम्हाला तिकडे पाठवणारच नाही. हवा बिघडली की बंदराचे अधिकारी बोटी सोडत नाहीत, ठरलेली सहलही रद्द होते. तसं झालं तर आपण हनोईत राहू आणि हळहळणार नाही, हे आत्ताच ठरवून टाकू.

रात्रीचं थोडक्यात. जेवणानंतर मागच्या बाजूला दिवा पाण्यावर सोडून माकूळ पकडायला बसवतात. आमच्या गळाला काही लागलं नाही. वरच्या डेकवर गाणी मोठ्याने चालू होती, ती मला आवडली नाहीत, दहाला बंद झाली. मग मात्र काळे डोंगर, लांबवर दोन-तीन जहाजांचे दिवे आणि पाण्याचा बारीक आवाज. ताई बाल्कनीतच खुर्चीत झोपली. सकाळी सहाला डेकवर ‘ताय ची’ हा संथ चिनी व्यायाम शिकवतात, तो आई तुला जमेल, तुझ्या प्राणायामापेक्षा सोपा आहे. तेव्हा डोक्यावर घारी फिरत होत्या, आपल्याच घारी. कात बाच्या कड्यांवर सोनेरी डोक्याची वानरं असतात, जगात दुसरीकडे कुठेच नाहीत आणि आता शंभराच्या आतच उरली आहेत. आम्हाला दिसली नाहीत. बाबांनी दुर्बीण आणावी.

शाकाहारी जेवणाची सोय होते, पण आधी कळवावं लागतं, कारण तिथे भाजीतही आंबवलेल्या माशांचा खारट रस पडतो, न्योक माम म्हणतात त्याला. शाकाहारीला त्यांचा शब्द आहे ‘चाय’. ‘आन चाय’ म्हटलं की कळतं. आई, तू हा शब्द विसरणं शक्य नाही. टोफू, मशरूम, भाज्यांचे रोल, भात, भरपूर फळं. तरी तुझी चटणी आपण नेऊ.

एक मात्र खरं, ‘एक रात्र’ म्हणतात ती पुरी नसते. दुपारी बाराला चढवतात, दुसऱ्या दिवशी नऊला खोली रिकामी करायला लावतात आणि अकराला धक्क्यावर. आमची ओढाताण झाली. तुम्हाला मी दोन रात्रींची घेणार, म्हणजे मधला अख्खा दिवस पाण्यावर निवांत मिळेल.

खर्च किती, हे बाबा मघापासून शोधत असतील. तो मी आणि ताई बघतोय आणि त्यावर चर्चा नाही. आकडे लाखांत दिसतील, दचकू नका, साधारण 300 डाँग म्हणजे एक रुपया. पाकिटात एक 200,000 डाँगची नोट घातलीय. तिच्या मागच्या बाजूला हा लाँगमधली बेटं आहेत. नोट प्लास्टिकची आहे बाबा, पाण्यात घालून बघा.

आता एक काम. दोघांचे पासपोर्ट कपाटातून काढून शेवटच्या तारखा बघा. नोव्हेंबरपासून पुढे सहा महिने तरी शिल्लक हवेत. कमी असतील तर नूतनीकरणाला मी तिकडे येते.

आणि आईने ‘हो’ म्हटलं की बाबा, तुम्ही मला फोन करायचा. दोन मिनिटांचा चालेल.

तुमची,
धाकटी